गुरुत्वमध्य कुठे आहे? किल्लारीच्या भिंतींपासून कोपऱ्यावरच्या इमारतीपर्यंत

आजचा विषय आहे सेंट्रॉइड, म्हणजे आकाराचा मध्य, आणि इमारतीच्या मजबुतीशी त्याचं नातं. नाव ऐकलं की अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा पेपर आठवतो. सूत्र पाठ करायचं, तक्ता भरायचा, आठ गुण घ्यायचे आणि विसरून जायचं. पण आपण लातूर-नांदेड भागात बसून हा विषय बोलतो आहोत. इथे तो फक्त पेपरपुरता ठेवता येत नाही. का, ते पुढे लक्षात येईल.

आधी मध्य म्हणजे काय ते पाहू. नववीच्या भूमितीत आपण शिकलो की त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूला मध्यगासंपात म्हणतात आणि तो प्रत्येक मध्यगा २:१ या प्रमाणात विभागतो. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्या बिंदूवर पेन्सिलीचं टोक टेकवलं तर त्रिकोण आडवा, तोल सांभाळून राहतो. हाच त्रिकोणाचा सेंट्रॉइड.

आकार वेडावाकडा असेल तर? मग गवंड्याचा ओळंबा घ्या. पुठ्ठ्याला एका कडेजवळ टाचणी लावून तो मोकळा लटकवा, त्याच टाचणीला ओळंबा सोडा आणि दोऱ्याची रेघ पुठ्ठ्यावर आखा. मग दुसऱ्या कडेवरून लटकवा, दुसरी रेघ आखा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे मध्य. सूत्र नाही, आकडेमोड नाही. भिंत सरळ आहे का हे पाहायला मिस्त्री जे साधन रोज वापरतो, तेच साधन हा बिंदूही शोधून देतं.

इथे दोन शब्दांतला फरक सांगून ठेवतो. सेंट्रॉइड हा आकाराचा मध्य, गुरुत्वमध्य हा वजनाचा मध्य. सगळीकडे एकच सामान असेल तर दोन्ही एकाच जागी येतात. एका बाजूला जड सामान आलं की वजनाचा मध्य तिकडे सरकतो, आकाराचा मध्य जिथल्या तिथे राहतो. बैलगाडी भरणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळतं. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. गाडी तीच, आकार तोच, फक्त वजनाचा मध्य चाकाच्या आसापासून दूर गेला.

आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: वजनाचा मध्य एका जागी असतो, ते वजन पेलणाऱ्या गोष्टींचा मध्य दुसऱ्या जागी असू शकतो. या दोन बिंदूंमधलं अंतर जितकं जास्त, तितका धोका जास्त.

छताचं वजन किती उंचीवर?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपतीचं विसर्जन झालं होतं, गावं झोपेत होती. पहाटे चारच्या थोडं आधी किल्लारी परिसरात भूकंप झाला. रिश्टर मापनावर तो साधारण सव्वासहाच्या आसपासचा होता. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा मध्यम म्हणावा असा. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. वेगवेगळ्या नोंदींत हा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवावी लागली.

इतकी माणसं का गेली? भूकंप उथळ होता, वेळ झोपेची होती, ही कारणं आहेतच. पण मोठं कारण घराच्या बांधणीत होतं. दगडाच्या जाड भिंती, सांधायला चुना किंवा सिमेंट नाही तर माती, आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची, म्हणजे थर वाढतच जायचा. दीड-दोन फूट, काही घरांत त्याहून जास्त.

यात लोकांचं अडाणीपण काढू नये. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हे घर गार राहतं. दगड, माती, लाकूड जवळच मिळतं. शेकडो वर्षं ही घरं नीट उभी होती, कारण त्यांना फक्त खाली जाणारं वजन पेलायचं होतं. आडव्या धक्क्याचा हिशेब कुणी केलाच नव्हता, कारण या भागाची गणना देशाच्या सगळ्यात सुरक्षित भूकंप विभागात व्हायची.

आता तो हिशेब आपण करू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी एक खोली घ्या. छताचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. मातीचा थर ६० सेंटीमीटर म्हणजे ७.२ घनमीटर माती. घनमीटरला साधारण १.७ टन धरले तर झाले १२ टन. एका खोलीच्या डोक्यावर भरलेल्या ट्रकएवढं वजन. त्याच खोलीवर १२ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब टाकला तर ३.६ टन. आणि लोखंडी अँगलवर पत्रे टाकले तर शंभर-दीडशे किलो.

भिंती तर आणखी जड. ६० सेंटीमीटर जाडीच्या आणि तीन मीटर उंचीच्या चार भिंती, दारं-खिडक्या सोडून दिल्या तर, अंदाजे ६० टन. त्यांचा गुरुत्वमध्य अर्ध्या उंचीवर, दीड मीटरवर. छताचे १२ टन, मध्य ३.३ मीटरवर. दोन्ही मिळून घराचा मध्य असा काढायचा: ६० गुणिले १.५ म्हणजे ९०. १२ गुणिले ३.३ म्हणजे जवळपास ४०. बेरीज १३०, भागिले ७२, उत्तर १.८ मीटर.

म्हणजे छतामुळे मध्य फक्त ३० सेंटीमीटर वर गेला. फार नाही, असं वाटेल. पण ९० आणि ४० हे आकडे पुन्हा बघा. जमीन आडवी हलली की प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या प्रमाणात आडवं बल येतं आणि ते बल त्या वस्तूच्या गुरुत्वमध्यातून लागतं. घराला पायाशी उलटवण्याचा जोर म्हणजे बल गुणिले उंची. छताचं वजन भिंतींच्या पाचव्या भागाइतकं आहे, पण उलटवण्याचा जोर भिंतींच्या जवळपास निम्मा. कारण ते वर आहे. दुसरं असं की भिंतीचं बल उंचीभर पसरलेलं असतं, छताचं बल एकदम भिंतीच्या माथ्यावर येतं, जिथे भिंत सगळ्यात मोकळी आणि कमजोर असते.

काही घरांत माळवद भिंतीवर नव्हतं, आत उभ्या केलेल्या लाकडी खांबांवर होतं. तिथे छताचा भार खांबांकडे आणि भिंत नुसती आडोशाला. अशा ठिकाणी भिंती ढासळल्या तरी काही छतं खांबांवर टिकली. भार कोण पेलतंय, यावर किती फरक पडतो ते यातून दिसतं.

एक भिंत की दोन?

आता भिंतीच्या आत डोकावू. दोन फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून अखंड दिसते. आत मात्र ती तीन भागांत असते: बाहेरचा दगडांचा थर, आतला दगडांचा थर आणि मधे माती-खड्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड नसतील, तर त्या शेजारी उभ्या असलेल्या दोन बारीक भिंतीच झाल्या.

दगड-मातीचं बांधकाम दाब सहन करतं, ताण जवळजवळ सहन करत नाही. म्हणून त्यासाठी एक जुना नियम आहे, त्याला मधल्या तिसऱ्या हिश्श्याचा नियम म्हणतात. भिंतीच्या जाडीचे तीन सारखे भाग करा. वरून येणाऱ्या सगळ्या भाराची रेषा मधल्या भागातून जात असेल, तर भिंतीत कुठेही ताण येत नाही. रेषा बाहेरच्या भागात गेली की दुसऱ्या बाजूचे सांधे उघडायला लागतात. सूत्रात सांगायचं तर भार सेंट्रॉइडपासून जाडीच्या एक-षष्ठांशापर्यंत सरकलेला चालतो.

६० सेंटीमीटरची भिंत खरोखर एकसंध असेल, तर भार मध्यापासून १० सेंटीमीटर सरकला तरी चालतं. पण तिचे २५-२५ सेंटीमीटरचे दोन थर सुटे झाले, मधली भर फक्त भर म्हणूनच राहिली, तर प्रत्येक थराला स्वतःचा वेगळा सेंट्रॉइड मिळतो आणि सूट उरते जेमतेम ४ सेंटीमीटर. शिवाय माळवदाच्या तुळईचं टोक बहुतेक आतल्या थरावर टेकलेलं, म्हणजे भार मुळातच एका बाजूला.

कडकपणाचाही हिशेब बघा. भिंतीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ६० चा घन २,१६,०००. २५ चा घन १५,६२५. दोन थरांचे मिळून ३१,२५०. म्हणजे तीच भिंत, तेच दगड, पण सुटे झाल्यावर विरोध सातव्या हिश्श्यावर आला. एकसंध असताना दोन्ही थर एका सामाईक मध्याभोवती काम करतात, त्यापासून लांब असल्यामुळे त्यांची ताकद वाढते. सुटे झाले की प्रत्येक थर आपापल्या मध्याभोवती वाकतो. अभ्यासक्रमात ज्याला समांतर अक्षाचं प्रमेय म्हणतात, ते हेच. किल्लारीत भिंतींना आधी पोट आलं, मग बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत, झोपलेल्या माणसांवर.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. नवी गावं वसवली, ते सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामाबद्दल. त्यातले उपाय आता आपल्या आकड्यांशी ताडून बघा. छतावरची माती कमी करणं: वरचं वजन घटलं, उलटवणारा जोर घटला. भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात आकडे असलेली सळई ठेवून काँक्रीट भरणं: दोन सुटे थर पुन्हा एक झाले, दोनाचा एक सेंट्रॉइड झाला. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा: चार भिंती एक पेटी म्हणून हलू लागल्या. ऐकायला साधे उपाय आहेत, पण प्रत्येकाच्या मुळाशी मध्य कुठे आहे हाच प्रश्न आहे. याच वर्षी, १९९३ मध्ये, कमी ताकदीच्या दगड-विटांच्या घरांसाठी आयएस १३८२८ हे मानकही आलं. पुढे २००२ मध्ये देशाचा भूकंप विभागांचा नकाशा सुधारला, तेव्हा पहिला विभाग रद्द होऊन दुसऱ्यात मिसळला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

बीममध्ये सळई खाली का?

आता दगडातून काँक्रीटकडे येऊ, कारण आज नांदेड-लातूरमध्ये बहुतेक जण कॉलम-बीमचंच घर बांधतात.

स्लॅब आणि त्याखालचा बीम एकत्र ओतला की त्याचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा होतो. समजा वरचा स्लॅबचा भाग १०० सेंटीमीटर रुंद, १० सेंटीमीटर जाड. खालचा बीम २५ सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर खोल. दोघांचं क्षेत्रफळ सारखंच, १,००० चौरस सेंटीमीटर. तळापासून मोजलं तर बीमचा मध्य २० वर, स्लॅबचा ४५ वर. दोघांचा मिळून मध्य ३२.५ वर. एकूण उंची ५० आहे, म्हणजे मध्य अर्ध्यावर नाही, वर सरकला आहे.

बीम भाराखाली वाकतो तेव्हा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. दोन्हींच्या मधे, काँक्रीटला तडा जाण्याआधी, सेंट्रॉइडच्या पातळीवर ना दाब ना ताण. त्यापासून जितकं लांब, तितका ताण जास्त. वरची कड १७.५ सेंटीमीटर लांब, तळ ३२.५ लांब. म्हणजे वरच्या दाबाच्या जवळपास दुप्पट ताण तळाला. आणि काँक्रीट दाबाला जितकं पक्कं, ताणाला तितकंच कच्चं. म्हणून मधल्या भागात मुख्य सळई तळाला हवी. पुढे आलेल्या गॅलरीत उलटं होतं, तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर. स्लॅब ओतताना कामगार जाळीवरून चालतात आणि गॅलरीची वरची सळई दबून खाली बसते. तेवढ्या काही सेंटीमीटरांनी गॅलरी पडू शकते. ओतण्याआधी ही एक गोष्ट मालकाने स्वतः उभं राहून पाहावी.

कोपऱ्यावरची इमारत

शेवटचा मुद्दा, आणि आजच्या घडीला शहरात सगळ्यात जास्त दिसणारा. कोपऱ्यावरचा प्लॉट. दोन बाजूंना रस्ता, म्हणून तिथे दुकानांची शटर. मागच्या आणि शेजारच्या बाजूला नऊ इंची विटांच्या भरीव भिंती. वर दोन-तीन मजले.

स्लॅब चौरस आहे, वजन सारखं पसरलेलं आहे, म्हणून वजनाचा मध्य बरोबर मधे. पण आडव्या धक्क्याला विरोध कोण करतंय? बहुतांश मागच्या भिंती. त्या विरोधाचाही एक मध्य असतो, त्याला कडकपणाचा मध्य म्हणू. इमारत १० मीटर बाय १० मीटर धरा. रस्त्याला समांतर धक्का आला, ९० टक्के विरोध मागच्या भिंतीचा, १० टक्के पुढच्या कॉलमांचा, तर कडकपणाचा मध्य रस्त्यापासून ९ मीटरवर. वजनाचा मध्य ५ मीटरवर. अंतर ४ मीटर. दार बिजागरीभोवती फिरतं तशी ही इमारत मागच्या भिंतीभोवती फिरायला बघते, आणि सगळ्यात जास्त हालचाल होते ती रस्त्याकडच्या कॉलमांची, ज्यांच्याखाली दुकानं आहेत, गिऱ्हाईक उभं आहे.

आयएस १८९३ हे मानक सांगतं की हे अंतर दीडपट धरा आणि त्यात इमारतीच्या रुंदीचा पाच टक्के भाग मिळवा. इथे ६ अधिक ०.५, म्हणजे साडेसहा मीटर. आडवं बल २० टन असेल तर पीळ झाला १३० टन-मीटर. दोन्ही मध्य जुळलेले असते तर फक्त अर्धा मीटर धरावा लागला असता, म्हणजे १० टन-मीटर. तेरापट फरक, आणि तो सिमेंटच्या पोत्यांनी भरून निघत नाही. नकाशातच तो मिटवावा लागतो: रस्त्याकडेही काही काँक्रीटच्या भिंती किंवा जाड कॉलम द्यायचे, मागच्या भरीव भिंती कॉलमपासून वेगळ्या करायच्या किंवा हलक्या करायच्या.

काटकोनी, एल आकाराच्या घराचंही असंच. एक भुजा १२ बाय ४ मीटर, दुसरी तिला लागून ४ बाय ८. मध्य काढला तर दोन्ही बाजूंनी ४.४ मीटरवर येतो. पण भुजांची रुंदी ४ मीटरच आहे! म्हणजे घराचा मध्य घराबाहेर, मोकळ्या अंगणात पडतो. चौकाच्या वाड्यातही मध्य चौकातच असतो. तो काही दोष नाही. मात्र काटकोनी घराच्या दोन भुजा भूकंपात वेगवेगळ्या हलतात आणि आतल्या कोपऱ्यात तडा जातो. म्हणून अशा घराला सांध्याने दोन स्वतंत्र आयतांत तोडणं बरं.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपासचे धक्के बसले आणि ते नांदेडमध्येही जाणवले. मोठं नुकसान झालं नाही. पण जमीन आपल्याला विचारून हलत नाही, एवढं पुन्हा कळलं.

श्रोत्यांचे प्रश्न

*गच्चीवर पाण्याची टाकी कुठे ठेवावी?*

दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन टन, तेही सगळ्यात वर. उंच ओट्यावर ठेवली की मध्य आणखी वर. कॉलमच्या माथ्यावर, बीमवर, शक्यतो इमारतीच्या मध्याजवळ ठेवा. गॅलरीच्या टोकाला किंवा एका कोपऱ्यात तीन टाक्या, असं करू नका.

*आमचं माळवदाचं घर अजून आहे. पाडावंच लागेल का?*

नाही. आधी बघा, माती किती जाड आहे, भिंतीला पोट आलंय का, कोपरे सुटलेत का, भार खांबांवर आहे की भिंतीवर. माती कमी करणं आणि आरपार बंध घालणं हे पाडून बांधण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पण माती काढायची ती दोन्ही बाजूंनी सारखी आणि आधी आतून टेकू देऊन. हे काम जाणकार अभियंत्याला दाखवूनच करा.

*वरचा मजला चढवायचा आहे, खालचे कॉलम जाड आहेत. चालेल?*

कॉलमची जाडी हे अर्धं उत्तर. नवा मजला पूर्ण क्षेत्रावर आहे की फक्त मागच्या अर्ध्यावर? अर्ध्यावर असेल तर वजनाचा मध्य तिकडे सरकेल. म्हणून आधी नकाशावर दोन टिंबं काढून घ्या: एक वजनाच्या मध्याचं, एक कडकपणाच्या मध्याचं. अभियंत्याला विचारा, या दोन टिंबांत किती अंतर आहे? हा प्रश्न विचारायचा घरमालकाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचं उत्तर मीटरमध्येच मिळालं पाहिजे.

पुढच्या व्याख्यानात आपण काळ्या मातीवरचा पाया पाहू.